अठराव्या शतकातील इंग्लंडचे खेडे: न्यायालये, किरकोळ गुन्हे आणि गरिबांची मदत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यायालये, किरकोळ गुन्हे आणि गरिबांची मदत हे तीन विषय इथे एकत्र का घेतले आहेत?

कारण त्या काळच्या खेडुताच्या लेखी ते तीन वेगळे विषय नव्हतेच. ज्या जस्टिससमोर (स्थानिक न्यायकर्त्यासमोर) एखाद्या मजुराला सरपण चोरल्याबद्दल उभे केले जाई, त्याच जस्टिससमोर पुढच्या आठवड्यात त्या मजुराची बायको ‘पॅरिशचा (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या गाव-विभागाचा) अधिकारी आम्हाला मदत देत नाही’ अशी तक्रार शपथेवर मांडू शकत असे. दंड ठरवणारा आणि भाकरीचा हुकूम देणारा माणूस एकच होता, आणि बहुतेक वेळा त्याची बैठकही एकच होती. या काळातील गुन्ह्यांचे वर्णन लंडनच्या न्यायालयांवरून आणि टायबर्न या तिथल्या वधस्थळावरच्या फाशीवरून करण्याची सवय अनेकांना आहे. परंतु इंग्लंडमधील बहुसंख्य लोक तेव्हा खेड्यांत राहत होते आणि त्यांचा कायद्याशी संबंध येई तो फासाच्या दोरामुळे नव्हे, तर मोळीभर लाकूड, घरभाडे, अनौरस मूल आणि आठवड्याचा शिलिंग यांमुळे. गरिबांच्या मदतीचा हिशेब बाजूला ठेवून तिथला किरकोळ गुन्हा वाचला, तर तो चुकीचा वाचला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जस्टिस ऑफ द पीस म्हणजे नेमके कोण?

राजाच्या नावाने काउंटीसाठी (जिल्ह्यासाठी) काढलेल्या नेमणूकपत्रात ज्यांची नावे असत असे स्थानिक प्रतिष्ठित लोक. त्यांना पगार नव्हता आणि बहुतेकांनी कायद्याचे शिक्षणही घेतलेले नसे. १७३२ पासून काउंटीच्या जस्टिसला जमिनीपासून वर्षाला किमान १०० पौंडांचे उत्पन्न असणे आवश्यक झाले, म्हणजे न्यायदानाचे काम जमीनदार वर्गाकडेच राहील अशी तजवीज कायद्यानेच केली. यादीत नाव असलेले सगळेच शपथ घेऊन काम करत नसत. त्यामुळे एखाद्या मोठ्या टापूचा भार दोघा-तिघा उद्योगी माणसांवर पडे.

शतकाच्या उत्तरार्धात चर्चचे धर्मगुरू मोठ्या संख्येने जस्टिस होऊ लागले. डरहॅममधील बोल्डनचे रेक्टर एडमंड ट्यू यांनी १७५० ते १७६४ या काळात आपल्यासमोर आलेल्या कामांची नोंदवही ठेवली होती, आणि ती आज उपलब्ध आहे. मारहाण, मजुरीची थकबाकी, शिवीगाळ, लहानसहान चोऱ्या असे खेड्याचे रोजचे जीवन तिच्यात उमटले आहे. कायदा माहीत नसलेल्या या न्यायकर्त्यांची अडचण वेस्टमोर्लंडमधील ऑर्टनचे धर्मगुरू रिचर्ड बर्न यांनी हेरली आणि १७५५ मध्ये जस्टिस व पॅरिश-अधिकारी यांच्यासाठी विषयवार मांडणीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढची कित्येक दशके तिच्या नवनव्या आवृत्त्या निघत राहिल्या.

कोणते प्रकरण कोणत्या न्यायालयात चाले?

सर्वांत खालची पायरी म्हणजे एकट्या जस्टिसची बैठकीची खोली. तिथे ज्यूरी नसे आणि वकीलही क्वचितच असे. लाकूडचोरी, शपथा व शिवीगाळ, शिकारीचे नियम मोडणे अशा ज्या गुन्ह्यांबाबत कायद्याने त्याला थेट अधिकार दिला होता, त्यांचा निकाल तो तिथल्या तिथे देई. काही कामांना दोन जस्टिसांची सही लागे: एखाद्या कुटुंबाला पॅरिशबाहेर पाठवणे, अनौरस मुलाच्या पित्यावर पोटगी बसवणे, गरिबांची मदत वाटणाऱ्या ओव्हरसिअरची नेमणूक करणे. अशी कामे दोघेतिघे जस्टिस एकत्र बसून करत आणि पुष्कळदा ही बैठक गावातल्या खानावळीत भरे.

त्याच्या वर तिमाही सत्र न्यायालय होते. वर्षातून चार वेळा, एपिफनी (जानेवारीची सुरुवात), ईस्टर, उन्हाळ्याचा मध्य आणि मायकेलमस (सप्टेंबरअखेर) या सुमारास, काउंटीचे जस्टिस एकत्र जमत. तिथे ज्यूरी असे, लहान चोऱ्या व मारहाणीचे खटले चालत, आणि त्याच दिवसांत पूल, रस्ते, तुरुंग व पॅरिशांमधील वाद यांचाही निकाल लागे. खून, दरोडा, घरफोडी अशी गंभीर प्रकरणे असाइझ न्यायालयासाठी राखलेली असत. त्याचे न्यायाधीश साधारणपणे वर्षातून दोनदा फेरीवर येत. अगदी उत्तरेकडच्या काउंट्यांत ते एकदाच जात.

जमीनदारीची जुनी न्यायालये आणि चर्चची न्यायालये अजून चालू होती, पण त्यांचा जोर ओसरत चालला होता.

पोलीस नव्हते, तर गुन्हेगाराला पकडायचे कोणी?

ज्याचे नुकसान झाले त्यानेच. खटल्याचा फिर्यादी सरकार नव्हे, तर ती व्यक्ती असे. चोर शोधणे, साक्षीदार गोळा करणे, जस्टिसकडून वॉरंट मिळवणे, सत्राच्या दिवशी काम बुडवून शहरात जाणे आणि त्याचा खर्च सोसणे हे सारे तिच्याच वाट्याला येई. १७५२ च्या आणि १७७८ च्या कायद्यांनी गंभीर गुन्ह्यांत फिर्यादीला काही खर्च परत मिळण्याची सोय केली, तरीही अनेक लोक न्यायालयापर्यंत जाण्यापेक्षा माफी, भरपाई किंवा जस्टिससमोरची तडजोड पसंत करत.

पॅरिशमध्ये कॉन्स्टेबल असे, मात्र तो शेतकरी, चांभार किंवा दुकानदार असून एका वर्षासाठी, बिनपगारी, आळीपाळीने हे पद सांभाळणारा शेजारीच असे. वॉरंट बजावणे आणि पकडलेल्याला नेऊन पोहोचवणे एवढेच त्याचे काम. वर्षभरानंतरही त्याला त्याच लोकांत राहायचे होते, ही गोष्ट त्याच्या प्रत्येक निर्णयात असणार हे ओघानेच आले.

चोरी ‘किरकोळ’ केव्हा ठरे?

चोरलेल्या वस्तूची किंमत १२ पेन्स, म्हणजे एक शिलिंग, यापेक्षा जास्त नसेल तर ती किरकोळ चोरी. तिची शिक्षा साधारणतः फटक्यांची असे, आणि १७१८ च्या कायद्यानंतर तिच्यासाठीही सात वर्षांसाठी अमेरिकेतील वसाहतींत हद्दपारी करता येऊ लागली. त्यापेक्षा अधिक किमतीची चोरी ही तत्त्वतः देहदंडाची. मात्र ‘धर्मगुरूंची सवलत’ या जुन्या प्रथेमुळे पहिल्या गुन्ह्याला बहुधा प्राणदान मिळे. ही सवलत मिळण्यासाठी पूर्वी वाचता येणे दाखवावे लागे. ती अट १७०६ मध्ये रद्द झाली.

इथे ज्यूरीची भूमिका समजून घेण्यासारखी आहे. वस्तूची खरी किंमत स्पष्ट दिसत असूनही ज्यूरी ती मुद्दाम कमी धरत असे: दोन-तीन शिलिंगांचे कापड ‘१० पेन्सचे’ ठरवले की आरोपीवरचे संकट एकदम हलके होई. ज्यूरीत बसलेले शेतकरी व कारागीर कायद्याचे शब्द तसेच ठेवून त्याची धार बोथट करत होते. किंमत ठरवण्याचा हा अधिकार नसता, तर शिक्षेचे ते कायदे इतकी वर्षे टिकले नसते, असे मला वाटते. किरकोळ आणि मोठी चोरी हा भेद १८२७ मध्ये संपला.

सरपण, सरवा आणि ससे यांवरून एवढे खटले का होत?

या प्रश्नावर थांबायलाच हवे, कारण खेड्यातील ‘गुन्हा’ म्हणून जे नोंदले गेले त्यातले बरेचसे आदल्या पिढीत रीत म्हणून चालत आले होते.

सरपणापासून सुरुवात करू. कोळसा महाग असलेल्या दक्षिणेकडच्या काउंट्यांत मजुराच्या घरातली चूल कुंपणाच्या आणि रानाच्या लाकडावर पेटे. १६६३ च्या कायद्याने असे लाकूड बाळगणाऱ्याला ‘हे कुठून आणले?’ असे विचारण्याचा आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास भरपाई, दंड किंवा फटके देण्याचा अधिकार दिला. लक्षात घ्या, चोरी झाली हे सिद्ध करण्याऐवजी ती झाली नाही हे सिद्ध करण्याचे ओझे त्याने गरिबाच्या डोक्यावर ठेवले. त्यातच कुंपणबंदीच्या कायद्यांनी एकामागून एक गायराने आणि पडीक माळ खाजगी होत गेले. ज्या माळावरून काल काटक्या आणल्या तिथूनच आज आणणे ही चोरी ठरली.

सरव्याची गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला सहज उमगेल. कापणीनंतर शेतात सांडलेली कणसे बायका-मुले वेचत, आणि चांगल्या वर्षी त्यातून काही आठवड्यांचे पीठ मिळे. सफोकमधील टिमवर्थ या गावी मेरी हॉटन हिने जेम्स स्टील याच्या शेतात सरवा वेचला आणि त्याने दावा लावला. १७८८ मध्ये कॉमन प्लीज या लंडनमधील वरिष्ठ न्यायालयाने तीन विरुद्ध एक अशा मतांनी निकाल दिला की सरवा वेचण्याचा असा कोणताही सर्वसाधारण हक्क कायद्यात नाही. न्यायमूर्ती गूल्ड यांचे मत वेगळे पडले. निकाल लागला तरी सरवा थांबला नाही. बहुतेक गावांत बायका पुढेही शेतात उतरत राहिल्या आणि शेतकऱ्यांना तो नेहमीच अडवता आला असे नाही.

शिकारीचा कायदा सर्वांत उघडपणे वर्गाचा होता. १६७१ च्या कायद्यानुसार ससा, तितर, फेझंट यांची शिकार करायला वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची मालकीची जमीन, किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची १५० पौंडांची, असावी लागे. त्यामुळे लहान शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातला ससाही कायदेशीररीत्या मारता येत नसे. १७०७ च्या कायद्याने दंड ठरवला ५ पौंड, तो न भरल्यास तीन महिने सुधारगृह, आणि दंडाचा अर्धा वाटा खबर देणाऱ्याला. शेतमजुराची आठवड्याची मजुरी सात-आठ शिलिंगांच्या आसपास असताना ५ पौंड (१०० शिलिंग) म्हणजे त्याची तीन महिन्यांची कमाई. निकाल देणारा जस्टिस स्वतः शिकारीचा हक्क बाळगणारा जमीनदार असे. त्याने कितीही सचोटीने काम केले, तरी या एका बाबतीत तो तिऱ्हाईत नव्हता. मालमत्तेची ही अट १८३१ मध्ये गेली.

शिवी दिली म्हणून खरोखर दंड होत असे का?

होत असे. १७४५ च्या कायद्यात दर शपथेमागे दर ठरलेला होता: मजूर, सैनिक व खलाशी यांना १ शिलिंग, त्यांच्यावरच्या पण ‘जंटलमन’ नसलेल्यांना २ शिलिंग, जंटलमन व वरच्यांना ५ शिलिंग. दंडाची रक्कम पॅरिशमधील गरिबांसाठी जाई.

गरिबांना मदत कोण देत असे आणि त्यात काय मिळे?

१६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपापल्या गरिबांची जबाबदारी टाकली होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी सुमारे १५,००० पॅरिश व तत्सम ठिकाणे होती, काही जेमतेम शंभर-दोनशे वस्तीची. घर व जमीन धारण करणाऱ्यांकडून गरीबपट्टी गोळा होई, आणि ती वाटण्याचे काम दरवर्षी ईस्टरच्या सुमारास नेमलेले ओव्हरसिअर करत. हेही बिनपगारी पद होते. ससेक्समधील ईस्ट होथली येथील दुकानदार थॉमस टर्नर याने हे काम केले आणि १७५४ ते १७६५ या काळातील त्याच्या रोजनिशीत त्याची धावपळ वाचायला मिळते.

हिशेबाच्या वह्यांत दिसते ती मदत फार घरगुती स्वरूपाची असते: विधवेला आठवड्याला शिलिंग-दोन शिलिंग, मुलाला बुटांचा जोड, थकलेले घरभाडे, आजाऱ्याजवळ बसणाऱ्या शेजारणीची मजुरी, दाईचे पैसे, आणि शेवटी शवपेटी. देणारा घेणाऱ्याला नावाने ओळखत होता. यातून आपुलकीही येई आणि जाचही. १६९७ च्या कायद्याने मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीच्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे ‘पी’ हे अक्षर, सोबत पॅरिशच्या नावाचे आद्याक्षर, शिवून फिरावे असा नियम केला. तो सर्वत्र पाळला गेला नाही, पण १८१० पर्यंत रद्दही झाला नाही.

ओव्हरसिअरने मदत नाकारली तर?

तर जस्टिसकडे जाता येई. १७२३ च्या कायद्याने त्याची रीत ठरवली: अर्जदाराने आधी ओव्हरसिअरकडे किंवा पॅरिशच्या सभेकडे मागणी केलेली असावी, ती नाकारली गेल्याचे शपथेवर सांगावे, आणि जस्टिसने ओव्हरसिअरला बोलावून त्याचे म्हणणे ऐकावे. पटले तर मदतीचा हुकूम. पट्टी भरणारे शेतकरी आणि त्यांच्यातलाच ओव्हरसिअर यांना हा हस्तक्षेप मुळीच आवडत नसे, तर जमीनदार जस्टिसला गरिबांचा आधार म्हणून मिरवता येई. गरिबांनी ही फट चांगली ओळखली होती. कोणता जस्टिस मऊ आहे आणि त्याच्याकडे जायला किती मैल चालावे लागेल, हे त्यांना ठाऊक असे.

‘सेटलमेंट’ म्हणजे काय, आणि त्यावरून इतके वाद का?

पॅरिशने ‘आपल्या’ गरिबाला पोसायचे, तर ‘आपला’ कोण हे ठरवणे आलेच. एखाद्या पॅरिशचा ‘आपला’ गणला जाण्याचा हा हक्क म्हणजे सेटलमेंट. १६६२ च्या कायद्यानुसार वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहायला आलेला परका माणूस पुढे ओझे होईल असे वाटल्यास, तक्रार ४० दिवसांच्या आत आली असता, दोन जस्टिस त्याला परत पाठवू शकत. हळूहळू हक्क मिळवण्याचे मार्ग ठरत गेले: एखाद्या पॅरिशमध्ये धंदा शिकण्यासाठी उमेदवारी करणे, अविवाहित असताना पूर्ण वर्षभर नोकरी करणे, पट्टी भरणे, पॅरिशचे पद सांभाळणे. बायकोला नवऱ्याचा हक्क मिळे, मुलांना बापाचा, आणि अनौरस मुलाला साधारणपणे जन्मस्थळाचा.

प्रत्येक नियमाला पळवाट निघाली. पूर्ण वर्षाच्या नोकरीने हक्क मिळतो म्हणून काही मालक गड्याला एक्कावन्न आठवड्यांसाठीच ठेवू लागले. जन्मस्थळावरून हक्क ठरतो म्हणून प्रसूतीच्या तोंडावर आलेल्या अविवाहित स्त्रीला हद्दीपलीकडे नेऊन सोडण्याची घाई होऊ लागली, आणि या व्यवस्थेतील ही सर्वांत क्रूर बाजू होती. दोन पॅरिश एका कुटुंबावरून तिमाही सत्रात भांडत आणि त्या दाव्याचा खर्च कित्येकदा मदतीपेक्षा जास्त होई. १६९७ नंतर मूळ पॅरिशचा दाखला घेऊन दुसरीकडे राहता येऊ लागले, आणि १७९५ मध्ये कायद्याने असे ठरवले की प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत कोणालाही हलवता येणार नाही.

या वादांमुळे एक गोष्ट मात्र आपल्या हाती आली. हक्क तपासताना जस्टिससमोर माणसाचा जबाब घेतला जाई: जन्म कुठे, कोणाकडे किती वर्षे नोकरी, मजुरी किती, लग्न केव्हा. ज्यांनी स्वतः एक ओळही लिहिली नाही अशा हजारो मजुरांचे आयुष्य त्या कागदांमुळे टिकले आहे.

अविवाहित मातेच्या बाबतीत काय केले जाई?

मूल पॅरिशवर पडू नये हा सगळ्या कारवाईचा हेतू असे. १७३३ च्या कायद्यानुसार स्त्रीने शपथेवर पित्याचे नाव सांगितले की जस्टिस त्याला अटक करवू शके, आणि पॅरिशला भरपाईचा जामीन दिल्याशिवाय त्याची तुरुंगातून सुटका होत नसे. त्याच्यापुढे दोन वाटा उरत: पैसे द्या किंवा लग्न करा. काही पॅरिशांनी लग्नाचा परवाना, अंगठी आणि जेवण यांचा खर्च आनंदाने केला, विशेषतः नवरा दुसऱ्या पॅरिशचा असेल तर, कारण लग्नानंतर ती स्त्री आणि मूल दोघेही त्या पॅरिशची जबाबदारी होत.

वर्कहाऊस सगळीकडे होते का?

नव्हते. १७२३ च्या कायद्याने पॅरिशला वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना ठेवून घेऊन काम करवण्याचे घर, उघडण्याची आणि आत यायला नकार देणाऱ्याची मदत बंद करण्याची मुभा दिली. १७७६ च्या सुमारास देशात अशी जवळपास दोन हजार घरे होती. तरी बहुतेक गरिबांना मदत त्यांच्या घरीच मिळत राहिली. सफोकमध्ये अनेक पॅरिशांनी मिळून मोठी उद्योगगृहे बांधायला घेतली, तेव्हा १७६५ मध्ये जमावाने बल्कॅम्प येथील अर्धवट इमारत पाडली. आपल्या घरी, आपल्या चुलीपाशी मदत मिळणे हा हक्क आहे अशी त्या लोकांची धारणा होती.

ट्रिंगच्या घटनेचा उल्लेख वारंवार का येतो?

कारण मदत, कायदा आणि जमाव तिथे एकत्र आले. जादूटोणा हा गुन्हा १७३६ मध्ये कायद्यातून गेला होता. तरी १७५१ च्या एप्रिलमध्ये हर्टफर्डशायरमधील ट्रिंगजवळ, दोघा म्हाताऱ्या नवराबायकोला चेटूक करतात म्हणून पाण्यात बुडवले जाईल अशी दवंडी आसपासच्या बाजारगावांत पिटली गेली. पॅरिशने त्यांना आधी वर्कहाऊसमध्ये आणि मग चर्चमध्ये लपवले. जमावाने त्यांना तिथून ओढून काढले आणि रूथ ऑस्बर्न हिचा त्या छळात मृत्यू झाला. थॉमस कॉली याला असाइझमध्ये दोषी ठरवून ऑगस्टमध्ये फाशी देण्यात आली. पॅरिशच्या अधिकाऱ्यांनी त्या दोघांना वाचवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांच्यामागे कोणतेही पोलीसबळ नव्हते.

स्पीनहॅमलँडचा निर्णय काय होता?

१७९५ मध्ये धान्याचे भाव कडाडले. ६ मे रोजी बर्कशायरचे जस्टिस स्पीनहॅमलँड येथील पेलिकन खानावळीत जमले. किमान मजुरी ठरवण्याचा मार्ग त्यांनी सोडला आणि मदतीचे कोष्टक केले: ८ पौंड ११ औंस वजनाचा, म्हणजे जवळजवळ चार किलोचा, पाव १ शिलिंगाला मिळत असेल तेव्हा मजुराला स्वतःसाठी आठवड्याला ३ शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग पडावेत, मजुरी कमी पडली तर उरलेले गरीबपट्टीतून. भाव वाढला की रक्कमही वाढे. हा कायदा नव्हता आणि तो सगळ्या देशात लागूही झाला नाही, पण दक्षिणेत अशा पद्धती पसरल्या. भुकेल्याला लगेच अन्न मिळाले हे खरे. मात्र मालकाने मजुरी वाढवण्याचे कारण त्यामुळे उरले नाही, आणि मजुरीतली तूट इतर पट्टीदारांच्या खिशातून भरली जाऊ लागली. गरिबांवरचा एकूण खर्च १७७६ च्या सुमाराला १५ लाख पौंडांच्या घरात होता, तो १८०३ पर्यंत ४० लाखांच्या वर गेला. लोकसंख्या, महागाई, युद्ध या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, म्हणून सारा दोष या कोष्टकावर टाकणे मला पटत नाही. गरिबांच्या मदतीच्या १८३४ च्या नव्या कायद्याने मात्र तो तसा टाकला.

जस्टिस ऑफ द पीस या पदाचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे. १७९३ च्या सनदी कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे जस्टिस नेमण्याची सोय केली, आणि शहराची साफसफाई व कर यांची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. सुरुवातीला हे पद युरोपीयांपुरते होते. १८३० च्या दशकात ते हिंदी नागरिकांना खुले झाले, तेव्हा पहिल्या नेमणुकांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई होते. जुन्या मुंबईतील नावांपुढे दिसणारे ‘जे. पी.’ ते हेच.

या जुन्या नोंदी वाचायला सुरुवात कुठून करावी?

इंग्लंडमधील काउंटीच्या अभिलेखागारांत तिमाही सत्रांच्या नोंदी आणि पॅरिशचे कागद जपलेले असतात. १७३३ च्या आधीच्या न्यायालयीन नोंदी बऱ्याच अंशी लॅटिनमध्ये आहेत. त्या वर्षापासून इंग्रजी सक्तीची झाली, म्हणून नवख्या वाचकाने त्यानंतरचे वर्ष निवडावे. एकाच पॅरिशची ओव्हरसिअरची हिशेबवही आणि त्याच वर्षांतील सत्र-नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. हिवाळ्यात बुटांसाठी पैसे घेणारे नाव काही पानांनंतर लाकूडचोरीच्या दंडात सापडते का, हे आधी पाहावे.